चार्ज

प्रति,
श्री. जिनदत्त मगदूम, उद्यमनगर, कोल्हापूर.
एवढं लिहून थांबले आहे.
पंख्याखाली कराराची झेरॉक्स फडफडते,
तिच्यावर चहाचा कप ठेवलाय:
कलम सहा. कोणत्याही पक्षास. तीस दिवस आधी. लेखी.

करार मार्चअखेरचा. आज नोव्हेंबरची चार तारीख.
अकरा पत्रकं ठरली होती, मराठीतून कन्नडात.
चौतीस झाली.
"मॅडम, एवढं जरा बघा की," रात्री पावणेअकराला,
आणि मी बघत गेले:
फूटव्हॉल्व्ह, इंपेलर, पॅकिंग आवळायची पद्धत.
गोकाकच्या, अथणीच्या विहिरींवर
माझ्या शब्दांनी पाणी चढत होतं म्हणे.

न सांगता सुटणं सोपं असतं.
फोन उचलायचा नाही. दोन दिवस ताप, चार दिवस गावी,
मग आपोआप ते दुसरं कुणी बघतात.
माझ्याआधीच्या हुक्केरीच्या पोरानं तसंच केलं.
त्याचं अर्धं पत्रक माझ्याकडं आलं,
शेवटची ओळ: मोटार सुरू करण्यापूर्वी
आणि पुढं कोरा कागद.

आई सीपीआरला नर्स होती.
रात्रपाळी आठला संपायची,
पण बदलीची बाई आल्याशिवाय ती जागा सोडायची नाही.
मी दप्तर घेऊन व्हरांड्यात, शाळेला उशीर,
आणि आत तिचा आवाज:
खाट चार, सलाईन दहाला संपेल.
खाट नऊ रात्रभर झोपला नाही, का ते विचारा त्याला.
खाट बारा रिकामी.
एवढंच. बारा रिकामी.
चार्ज देऊन मग चपला घालायची,
आणि पापाच्या तिकटीपर्यंत
एक शब्द बोलायची नाही.

मी लिहिते: वैयक्तिक कारणास्तव.
खोडते. कारण वैयक्तिक कुठं आहे, कारण चौतीस आहे.
पण चौतीस लिहिलं की भांडण वाटेल,
आणि भांडायला तर मी निघालेली नाही.
कलमात कारण मागितलेलंच नाही. सोडून देते.

हातातली दोन पत्रकं वीस तारखेपर्यंत पूर्ण करून देईन.
शब्दांची वही देईन, तीनशे बारा शब्द,
त्यातल्या सतरांपुढं प्रश्नचिन्ह आहे.
नवा माणूस मिळाल्यास दोन संध्याकाळी बसून समजावीन,
त्याचे पैसे नकोत.
शेवटची ओळ खोडते.
त्याचे पैसे द्यावेत.

मग ते राहिलेलं.
पत्रक एकोणीस, पान तीन, पंख्याची दिशा.
कन्नडात उजवीकडं म्हणजे बलक्के, डावीकडं एडक्के.
पाहिजे होतं एडक्के. मी लिहिलं बलक्के.
जुलैत कळलं, तोवर दोन हजार प्रती छापून गेल्या होत्या.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
कुठल्या तरी मळ्यात कुणीतरी
माझ्यावर विश्वास ठेवून मोटार उलटी फिरवत असेल,
आणि पाणी का येत नाही म्हणून
बायकोवर ओरडत असेल.
हेही लिहिते. खाट नऊ.

फोन लगेच आला नाही.
संध्याकाळी आला, मागं ग्राइंडर चालू.
"पैसं कमी पडलं का?"
"नाही."
"मग?"
मी गप्प. ग्राइंडर चालू.
"ते एकोणीस नंबरचं," ते म्हणाले,
"गोकाकचा डीलर ऑगस्टातच बोलला.
आम्ही रबरी शिक्का मारून घेतला की समद्यांवर.
तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोललो नाही."

ऑगस्टपासून.
म्हणजे ऑगस्टनंतरची नऊ पत्रकं
त्यांनी मला माहीत असूनच दिली.
रात्री पावणेअकराला.

"बरं," ते म्हणाले,
"तीस दिवस म्हणजे सुट्ट्या धरून, का सोडून?"

मी कप उचलला.
कागदावर ओलं वर्तुळ, त्याच्या आत कलम सहा.
दोनदा वाचलं.
ते लिहिलेलंच नव्हतं.